जव्हारच्या आकड्यातला एक स्वल्पविराम गेला कुठे?

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी २०११च्या जनगणनेतली आमच्या दोन तालुक्यांची लोकसंख्या मी पायथनमधून स्वल्पविरामांसह छापली. मोखाड्याची ८३,४५३ अशी नीट आली, जव्हारची मात्र १४०,१८७. सर म्हणतात, हे चूक. मग संगणकाला मोजता येत नाही का? आणि प्रोग्रॅममध्ये मराठी अंक चालतात का?
– एक विद्यार्थी, जव्हार

उत्तर : मोजता येतं, तोडता येत नाही. मोखाडा लाखाच्या आत आहे म्हणून वाचला. शेवटचे तीन अंक वेगळे काढायचे, इथवर आपलं आणि इंग्रजीचं जमतं. बिनसतं ते लाखापासून. हजाराच्या पुढे आपल्याकडे दर शंभरपटीला नवं नाव येतं, लाख, कोटी, अब्ज. इंग्रजीत ते हजारपटीला येतं. स्वल्पविराम या नावांच्या मागोमाग चालतो. जपानीत तर दहा हजारालाच ‘मान’ असं स्वतंत्र नाव आहे आणि पुढची नावं दहा हजारपटीनं येतात. आजच्या पालघर जिल्ह्याची २०११ची लोकसंख्या आपण २९,९०,११६ लिहितो, इंग्रजीत ती २,९९०,११६ होते, आणि जपानी माणूस तीच ‘दोनशे नव्व्याण्णव मान एकशे सोळा’ अशी वाचेल.

पायथनला नुसतं ‘स्वल्पविराम घाल’ म्हटलं की तो तीन-तीन अंकांनीच तोडतो. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला मात्र भाषा आणि देश सांगता येतो. ‘एमआर-आयएन’ सांग, १,४०,१८७ असं थेट देवनागरीत येईल. ‘ईएन-आयएन’ सांगितलंस तर स्वल्पविराम आपले, अंक इंग्रजी. सरांना हेच दाखव.

खरी गोची छापताना नाही, लिहिताना होते. पायथनमध्ये एक लाख हा आकडा इंग्रजी अंकांत, पण आपल्या सवयीनं स्वल्पविराम देऊन लिहिलास, तर तो तक्रारसुद्धा करत नाही. त्याच्या लेखी स्वल्पविराम म्हणजे ‘एक संपलं, दुसरं सुरू’. त्यामुळे लाखाऐवजी हाती येतात तीन सुटे आकडे : एक, शून्य, शून्य. जव्हारचे होतील एक, चाळीस आणि एकशे सत्त्याऐंशी. चूक दाखवली असती तर बरं, असली मुकाट्यानं गिळलेली चूक शोधताना जीव जातो. यावर उतारा म्हणून २०१६च्या ३.६ आवृत्तीपासून पायथनमध्ये आकड्याच्या मध्ये अधोरेष, म्हणजे अंडरस्कोर, चालतो. तो कुठे द्यायचा याची सक्ती नाही, तेव्हा १_४०_१८७ असं लाखाच्या हिशेबानं खुशाल लिही. फक्त अंक इंग्रजी ठेव.

कारण मराठी अंकांच्या बाबतीत पायथनचं धोरण जरा विचित्रच आहे. चलाचं नाव ‘लोकसंख्या’ असं देवनागरीत दिलेलं चालतं, पण त्यापुढे बरोबरचं चिन्ह देऊन १४०१८७ लिहिलं की तो अडतो. तेच अंक अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून दे आणि ‘इंट’ला आकडा करायला सांग, निमूटपणे करून देतो! म्हणजे कुणी मराठी कळफलकावरून लोकसंख्या भरली तरी तुझा प्रोग्रॅम ती घेऊ शकेल.

कोटीच्या वर गेलास तर नावांकडे लक्ष ठेव. मराठीत खर्व म्हणजे दहा अब्ज. हिंदीतला खरब म्हणजे शंभर अब्ज. हिंदी मजकुरावरून आकडे घेताना दहापटीचा घोळ इथेच होतो. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त एकपासून परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत, प्रत्येक स्थानाला नाव दिलं आहे. त्यात एकावर पंधरा शून्यं म्हणजे अंत्य, सोळा म्हणजे मध्य. जावास्क्रिप्टचा साधा आकडा नऊ अंत्यांच्या थोडं पुढपर्यंतच बिनचूक पूर्णांक धरतो. मध्य गाठायच्या आतच भरवसा संपतो. करून बघ : परार्धात एक मिळव आणि छाप. जावास्क्रिप्ट परार्धच छापेल, पायथन तो शेवटचा एकही दाखवेल.