उपकृत न्यायाधीश : बंगळूर तत्त्वांच्या आधारे एक विचार

न्यायाधीशाने लाच घेऊ नये, याविषयी कोठेही दुमत नाही. परंतु लाच न घेताही न्यायाधीश एखाद्याचा ऋणी असू शकतो. ज्याच्या साह्याने पद मिळाले तोच पक्षकार म्हणून समोर उभा राहिला, तर काय करावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ‘बंगळूर तत्त्वे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या न्यायिक वर्तनसंहितेच्या आधारे करावयाचा आहे.

या संहितेचा मसुदा फेब्रुवारी २००१ मध्ये बंगळूर येथे भरलेल्या निरनिराळ्या देशांतील वरिष्ठ न्यायाधीशांच्या बैठकीत तयार झाला. श्रीलंकेचे न्यायमूर्ती वीरमंत्री हे बैठकीचे अध्यक्ष होते. नोव्हेंबर २००२ मध्ये हेग येथे मसुद्यावर पुन्हा संस्कार झाले आणि २००६ साली संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने त्यास अनुमोदन दिले. स्वातंत्र्य, निःपक्षपातीपणा, सचोटी, औचित्य, समान वागणूक आणि क्षमता व तत्परता ही तिची सहा मूल्ये होत. न्यायाधीशाच्या मनात पक्षपात आहे किंवा नाही एवढेच ती पाहत नाही. समंजस त्रयस्थाला तो निःपक्षपाती वाटेल किंवा नाही, हेही ती पाहते.

ही कसोटी आपल्याकडे अगोदरच रुजलेली होती. माणकलाल विरुद्ध प्रेमचंद या १९५७ च्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचे निकालपत्र मूळ साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिले. राजस्थानातील एका वकिलाच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष पूर्वी एकदा तक्रारदाराच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले होते. त्यांच्या हेतूविषयी कोणास शंका नव्हती. तरीही प्रत्यक्ष पक्षपात सिद्ध होण्याची आवश्यकता नाही, पक्षपाताची वाजवी भीती पुरेशी आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. मात्र वेळीच हरकत न घेतल्यामुळे त्या वकिलाला तिचा लाभ मिळाला नाही. यातून एक गोष्ट ओघानेच निष्पन्न होते : हरकत वेळीच घ्यावयाची, तर संबंध वेळीच कळला पाहिजे.

ऋणाचे सर्वांत उघड रूप अमेरिकेत आढळते. तेथील अनेक राज्यांत न्यायाधीश मतदानाने निवडले जातात. निवडणूक आली की खर्च आला आणि खर्चाबरोबर देणग्या आल्या. वेस्ट व्हर्जिनियातील एका कोळसा कंपनीविरुद्ध २००२ मध्ये पाच कोटी डॉलरचा निवाडा झाला. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी, २००४ च्या निवडणुकीत, कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवारासाठी सुमारे तीस लाख डॉलर वेचले. त्यांतील केवळ एक हजार डॉलर उमेदवाराच्या प्रचारनिधीस थेट दिले होते; बाकीचा खर्च कायद्याच्या मर्यादेबाहेरून झाला. उमेदवार निवडून आला, खटल्यातून दूर होण्यास त्याने नकार दिला आणि तीन विरुद्ध दोन मतांनी निवाडा फिरला. २००९ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की, त्या न्यायाधीशाने दूर व्हावयास हवे होते. अल्पमतातील सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी चाळीस प्रश्न मांडून विचारले, किती रक्कम म्हणजे अधिक, आणि ऋण किती काळ टिकते? हा आक्षेप क्षुल्लक नाही. पण रेषा आखणे कठीण म्हणून रेषाच नसावी, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. पुढे २०१५ मध्ये, फ्लॉरिडातील स्थानिक न्यायालयाच्या एका उमेदवाराने स्वतःच्या सहीने देणगी मागितली, तेव्हा तशी मागणी करण्यावरील बंदी त्याच न्यायालयाने कायम ठेवली.

आपल्याकडे न्यायाधीशांची निवडणूक नाही. संविधानाच्या अनुच्छेद २३३ नुसार जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात. अनुच्छेद २३५ ने दुय्यम न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे ठेवले आहे. हा विचारविनिमय उपचारापुरता नाही, हे १९६६ च्या चंद्रमोहन खटल्यात स्पष्ट झाले. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी स्वीकारलेल्या मूल्यपत्रात तर न्यायाधीशाने कोणत्याही कारणासाठी निधी गोळा करू नये, वर्गणी मागू किंवा स्वीकारू नये, आप्तेष्ट व मित्र वगळता कोणाकडून भेटवस्तू घेऊ नये, असे म्हटले आहे.

तथापि निवडणूक नाही म्हणजे ऋण नाही, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. आपल्याकडे ऋणाची वाट बहुधा निवृत्तीनंतरच्या पदाकडे जाते. म्हणूनच सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात निवृत्त न्यायाधीशांच्या सरकारी नेमणुकांविषयी प्रतिकूल मत दिले होते. त्यात देणारा पक्षकार बहुधा शासनच, आणि शासन तर न्यायालयांतील सर्वांत मोठा पक्षकार! दुसरी उणीव अशी की, खटल्यातून दूर व्हावे किंवा नाही, याचा निर्णय आपल्याकडेही प्रामुख्याने संबंधित न्यायाधीशच घेतो. वेस्ट व्हर्जिनियात नेमके तेच घडले होते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, संबंध जाहीर करण्याचे दायित्व न्यायाधीशावर असावे. तो शोधून काढण्याचा भार पक्षकारावर नसावा. राजकीय देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारी निवडणूक रोख्यांची योजना १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविताना सर्वोच्च न्यायालयाने नागरिकांचा माहितीचा अधिकारच पुढे ठेवला होता. मतदाराला जे कळावे, ते पक्षकाराला का कळू नये? दुसरा, हरकतीचा निर्णय शक्यतो दुसऱ्या न्यायाधीशाने द्यावा. तालुक्याच्या न्यायालयात बांधाच्या वादासाठी आलेल्या शेतकऱ्याला न्यायाधीशाचे अंतःकरण उघडून पाहता येत नाही. त्याला दिसते ती केवळ कार्यपद्धती. आणि निकाल विरुद्ध गेला तरी तो निमूटपणे मान्य करण्याचे बळ त्याला त्या कार्यपद्धतीतूनच मिळते.