झोप येत नाही म्हणून लवकर आडवे होऊ नका

मागील दोन लेखांत मधुमेही रुग्णांनी पायांची निगा कशी राखावी, हे आपण पाहिले. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्या पत्रांच्या शेवटी मात्र एक वेगळीच ओळ होती: 'डॉक्टर, साखर आटोक्यात आहे, पण रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, त्याचे काय?' तेव्हा आज पायांचा विषय बाजूला ठेवून झोपेचा घेऊ. त्यातही काळजीमुळे उडालेल्या झोपेचा, कारण आमच्यासारख्या गावच्या दवाखान्यात येणारा निद्रानाश बहुतेक वेळा याच जातीचा असतो.

काळजीने झोप उडणे हा आजार नव्हे. मुलीचे लग्न ठरत नाही, बँकेचा हप्ता थकला, सोयाबीन काढणीला आले आणि आभाळ भरून आले, मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तिसरी खेप देतो आहे, अशा वेळी चार-आठ रात्री जागरण झाले तर शरीर आपले काम नीट करीत आहे असेच म्हणावे लागेल. घराबाहेर खुट्ट झाले की राखणीचा कुत्रा जागा होतो. आपल्या मेंदूतही असा एक राखणदार आहे. धोका दिसला की तो अॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये सोडावयास लावतो, छातीचे ठोके वाढतात, स्नायू ताणले जातात, कान टवकारले जातात. अडचण एवढीच, की चोर अंगणात आला आहे की नुसता मनात आला आहे, यातला फरक या राखणदाराला फारसा कळत नाही. 'मन चिंती ते वैरी न चिंती' असे आपल्याकडे म्हणतात ते शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही खरे आहे.

प्रश्न असा आहे, की काळजीचे कारण ओसरल्यावरही काही जणांची झोप परत येते आणि काही जणांची वर्षानुवर्षे येत नाही. असे का व्हावे? आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री आणि तीन महिन्यांहून जास्त काळ झोप बिघडलेली असेल, तर आम्ही तिला जुनाट निद्रानाश म्हणतो. अशा रुग्णाच्या बाबतीत एक गोष्ट जवळजवळ नेहमी आढळते. काळजीने झोप बिघडविली खरी, पण तिला बिघडलेलीच ठेवले ते झोप मिळविण्यासाठी त्याने स्वतः केलेल्या उपायांनी.

एक उदाहरण देतो. माझे एक रुग्ण वीस वर्षे एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट होते. वय पंचेचाळीसच्या आसपास. बाजारपेठेतील दुकानादुकानांतून रोज दहा-वीस, पन्नास रुपये गोळा करावयाचे आणि संध्याकाळी भरणा करावयाचा. एके दिवशी पतसंस्थेने ठेवी परत देणे थांबविले. संचालक मंडळी गावात दिसेनाशी झाली. दिसत राहिले ते फक्त हे गृहस्थ. ज्या दुकानांत त्यांना रोज आग्रहाने चहा मिळे, तेथेच आता लोक गल्ल्यावरून उठून 'आमच्या पैशांचे काय?' असे विचारू लागले. एका भाजीवाल्या बाईंनी तर भर रस्त्यात पदर पसरला. पैशाला यांनी हात लावलेला नव्हता, पण लोकांनी पैसे दिले होते ते यांच्या तोंडाकडे बघून.

झोप उडाली यात नवल नव्हते. पुढे त्यांनी काय केले ते पाहा. लोकांना तोंड द्यावे लागू नये म्हणून ते रात्री नऊलाच दिवा मालवून पडू लागले. नऊ ते सकाळी सात, म्हणजे दहा तास अंथरुणावर. त्यातले जेमतेम साडेपाच तास झोप, तीही तुकड्यातुकड्यांनी. उरलेले साडेचार तास कूस बदलणे, घड्याळ पाहणे आणि हिशेब: 'आता दोन वाजले, आत्ता लागली तरी पाचच तास मिळतील.' दुपारी डोके जड म्हणून तासभर डुलकी. त्यातून कोणा नातेवाइकाने अल्प्राझोलामची अर्धी गोळी दिली. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन झाल्या. माझ्याकडे आले तेव्हा या गोष्टीला सात महिने झाले होते. पतसंस्थेवर प्रशासक येऊन बसला होता आणि लोकांचे रस्त्यात अडविणेही कमी झाले होते. मी विचारले, 'रात्री पडल्यावर काय विचार येतात?' तर म्हणाले, 'पैशांचे आता तेवढे येत नाहीत, डॉक्टरसाहेब. आज तरी झोप लागेल का, हाच विचार येतो. संध्याकाळचे दिवे लागले की पोटात गोळा येतो.'

हे वाक्य महत्त्वाचे आहे. पतसंस्थेची काळजी जाऊन तिच्या जागी झोपेचीच काळजी बसली होती. अंथरूण ही विसाव्याची जागा न राहता रोज रात्री परीक्षेला बसण्याची जागा झाली होती. असे रुग्ण सांगतात की खुर्चीत बातम्या पाहताना पेंग येते, पण गादीला पाठ टेकली की टक्क जाग. मेंदूने गादी आणि जागरण यांची गाठ मारलेली असते.

येथे झोपेविषयी थोडे समजून घ्यावे लागेल. झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे शरीरातील घड्याळ, जे मुख्यतः सकाळच्या उजेडाने आणि उठण्याच्या ठरावीक वेळेने लावले जाते. दुसरी म्हणजे झोपेची भूक. आपण जितका वेळ जागे राहू तितके अॅडिनोसिन नावाचे द्रव्य मेंदूत साठत जाते आणि झोपेची ओढ वाढते. (चहा-कॉफीतील कॅफीन या द्रव्याचेच काम अडविते, आणि त्याचा निम्मा अंश शरीराबाहेर पडावयास साधारण पाच तास लागतात. रात्री साडेनऊच्या चहाचा अर्थ यावरून लक्षात यावा.) आता दिवसभर शेव-चिवडा चरत राहिले तर रात्री भूक लागेल कशी? दुपारची लांब डुलकी, नऊलाच आडवे होणे, सकाळी उशिरापर्यंत लोळणे हे सारे झोपेचा शेव-चिवडा आहे. दमलेल्या माणसाला ते शहाणपणाचे वाटते आणि त्यानेच झोप पातळ होऊन दहा तासांवर पसरते.

म्हणून उपचार उलटा आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये गादी आणि जागरण यांची गाठ सोडविण्याची पद्धत मांडली. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये अंथरुणावरचा वेळ कमी करण्याची. पुढे या दोन्ही गोष्टी निद्रानाशाच्या वर्तनोपचारात एकत्र आल्या. २०१६ मध्ये अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने जुनाट निद्रानाशाच्या प्रौढ रुग्णांना गोळीच्या आधी हाच उपचार द्यावा अशी शिफारस केली. त्याला पैसे लागत नाहीत. धीर मात्र लागतो.

आमच्या पिग्मी एजंटांना मी पहिले दोन आठवडे फक्त वही ठेवावयास सांगितले: केव्हा पडलो, अंदाजे केव्हा झोप लागली, केव्हा उठलो. अंदाजेच, घड्याळ न पाहता. भिंतीवरचे घड्याळ उतरवून ठेवले आणि मोबाईल स्वयंपाकघरात. साडेपाच तासांचा आकडा त्या वहीतूनच निघाला. मग ठरविले, की पडावयाचे साडेअकराला आणि उठावयाचे साडेपाचला. अंथरुणावर सहा तास, त्याहून जास्त नाही. रात्र कशीही गेली तरी साडेपाचला उठून बाहेर उजेडात फिरावयाचे. दुपारी आडवे व्हावयाचे नाही. 'अहो, झोप नाही म्हणून आलो आणि तुम्ही आहे तीही काढून घेता!' असे त्यांच्या पत्नी म्हणाल्या. पहिला आठवडा वाईट गेला, ते दिवसा चिडचिडे झाले. दुसऱ्या आठवड्यात साडेदहालाच पेंग येऊ लागली आणि साडेअकराला पडले की झोप लागू लागली. अंथरुणावरील बहुतेक वेळ झोपेतच जाऊ लागला, तसा आम्ही दर आठवड्याला पंधरा मिनिटे वेळ वाढविला.

हे वाचून कोणी चार तासांवर येऊ नये. साडेपाच तासांपेक्षा कमी वेळ कधीच ठरवू नये. फिट्स येणारे, एकदा तरी उन्मादाचा झटका येऊन गेलेले, गरोदर स्त्रिया आणि एस.टी., ट्रक किंवा यंत्र चालविणारे यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. अर्धवट झोपेत स्टिअरिंग हाती घेणे जिवावर बेतते. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते म्हणून पाणी द्यावयास जागणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्नही वेगळा आहे. त्याला झोप येते, पण घेता येत नाही. त्याला माझा वर्तनोपचार नको, दिवसाची वीज हवी.

दुसरा नियम असा, की वीस-एक मिनिटे झोप लागली नाही किंवा मन उसळू लागले, की उठावे. पुस्तकांत लिहिलेले असते, 'दुसऱ्या खोलीत जावे'. दोन खोल्यांत सहा माणसे झोपणाऱ्या घरात दुसरी खोली कोठून आणावी? तेव्हा स्वयंपाकघरात पाटावर बसा, ओट्यावर बसा, नाही तर निदान अंथरुणावरून उठून खुर्चीत बसा. मंद दिव्यात भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला, जुने मासिक चाळा. मोबाईल नको. डोळे मिटू लागले की पुन्हा पडावे. पुन्हा लागली नाही तर पुन्हा उठावे. घरच्यांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे 'काय झाले, बरे वाटत नाही का?' असे विचारीत सारे घर जागे होणार नाही.

आता काळजीचे काय? 'विचार करू नका' हा सल्ला सर्वजण देतात आणि तो पूर्णपणे निरुपयोगी आहे. विचार दाबला की दुप्पट जोराने वर येतो. त्याऐवजी त्याला दिवसाची वेळ नेमून द्यावी. संध्याकाळी सहाच्या सुमारास वीस मिनिटे वही घेऊन बसावे, मनाला खाणाऱ्या गोष्टी एकेक लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे 'उद्या मी काय करू शकतो' ते लिहावे. काही करता येण्यासारखे नसेल तर तसेही लिहावे. रात्री तोच विचार आला तर त्याला 'उद्या सहा वाजता ये' असे सांगावे. हे पोरकट वाटते, पण करून पाहा. एजंटांच्या वहीत पहिल्या दिवशी 'लोक मला चोर समजतात' एवढेच होते. चार दिवसांनी त्याखाली ओळी आल्या: ज्यांची पासबुके माझ्याकडे पडून आहेत ती परत करणे, ठेवीदारांची यादी करणे, वकिलांना भेटणे, उपनिबंधकांकडे अर्ज देणे. आठव्या दिवशी ते स्वतःहून त्या भाजीवाल्या बाईंकडे गेले आणि त्यांचा अर्ज भरून दिला. झोपेच्या दृष्टीने त्या भेटीचा जो उपयोग झाला तो माझ्या कोणत्याही गोळीने झाला नसता.

सायंकाळी ताणलेले अंग सैल करावयास शवासन उत्तम. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू आवळून सोडण्याची जेकबसन यांची पद्धतही चांगली. मात्र 'झोप यावी' म्हणून ते करू नये, नुसते अंग मोकळे व्हावे म्हणून करावे. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि घोरणे वाढते. तंबाखू आणि मिश्री या दोन्हींत निकोटीन आहे व ते जागविणारे आहे. झोपण्यापूर्वी मिश्री लावणाऱ्या भगिनींनी याची नोंद घ्यावी.

प्रत्येक निद्रानाश काळजीचा नसतो. मोठ्याने घोरणे व मध्येच श्वास अडकणे, वजन घटून हात कापणे, रात्री वारंवार लघवीला उठणे, पाय सतत हलवावेसे वाटणे, दम लागून जाग येणे, यांपैकी काही असेल तर आधी तपासणी करून घ्या. आणि रोज पहाटे तीनला जाग येऊन मन उदास होत असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो बहुधा नैराश्याचा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. घरच्यांनी अशा माणसाला सरळ विचारावे, 'जिवाचे काही बरेवाईट करण्याचे मनात येते का?' विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.

आमचे एजंट सध्या साडेसहा तास झोपतात. लोकांचे पैसे अजून पुरते मिळालेले नाहीत, तारखा पडत आहेत आणि तारखेच्या आदल्या रात्री त्यांना हमखास जाग येते. ते उठून स्वयंपाकघरात बसतात.

राहिला गोळ्यांचा प्रश्न. थोड्या दिवसांच्या मोठ्या संकटात डॉक्टर काही दिवसांपुरती गोळी देतात, त्यात गैर काही नाही. रोज घेतली तर काही आठवड्यांतच शरीराला तिची सवय लागते. म्हातारपणी रात्री तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते ते अनेकदा या गोळीच्या धुंदीत. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावून प्राणही जाऊ शकतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे २०१४ पासून 'एच-१' या परिशिष्टात आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रेत्याला त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. तेव्हा ओळखीच्या दुकानदाराला गळ घालू नका. मात्र ज्यांना या गोळ्या महिनोन्महिने सुरू आहेत, त्यांनी हा लेख वाचून आज रात्री त्या एकदम बंद करू नयेत. एकदम सोडल्यास घबराट, कापरे, क्वचित फिटही येते. एजंटांच्या दोन गोळ्या आम्ही पाव-पाव गोळीने उतरविल्या, त्याला साडेतीन महिने लागले. आपली जुनी चिठ्ठी आणि उरलेली पाकिटे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि किती दिवसांपासून किती घेता ते खरे सांगा.