आनश्रायबन म्हणजे विनंतीअर्ज नव्हे
जर्मनीत इंटर्नशिप शोधणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी, इथे रुळलेल्या घरांकडून

शाळेत पत्रलेखनाचे गुण मिळवताना आपण सगळ्यांनीच 'माननीय महोदय'ने सुरुवात करून 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असा शेवट केला आहे. इथे मास्टर्सला आलेली मुलं-मुली आमच्याकडे पत्रं तपासायला आणतात, तेव्हा भाषा जर्मन किंवा इंग्रजी असली तरी आत तोच अर्ज सापडतो : संधी द्यावी, आभारी राहीन. वाचणाऱ्या विभागप्रमुखाला मात्र तीनच गोष्टी हव्या असतात. तुम्ही कधीपासून येणार, किती काळ राहू शकता आणि आमचं कोणतं काम उचलणार? आनश्रायबन, म्हणजे बायोडेटासोबतचं पत्र, हे या तीन प्रश्नांचं एक पानी उत्तर आहे.

आधी प्रकार सांगा

इंटर्नशिपला इथे प्राक्टिकुम म्हणतात. अभ्यासक्रमाचाच भाग असेल तर ते फ्लिश्टप्राक्टिकुम, म्हणजे सक्तीचं. आपल्या मर्जीने केलं तर ऐच्छिक. हा फरक पहिल्या परिच्छेदातच यायला हवा, कारण त्यात कंपनीचा पैसा गुंतलेला असतो. २०१५पासून लागू झालेला किमान वेतनाचा कायदा सक्तीच्या प्राक्टिकुमला लागू होत नाही. शिक्षण चालू असताना केलेलं ऐच्छिक प्राक्टिकुम ३ महिन्यांच्या वर गेलं की लागू होतो. म्हणूनच कित्येक जाहिरातींत 'फक्त सक्तीचं' अशी अट दिसते. विद्यापीठाकडून तसं प्रमाणपत्र आधीच घेऊन ठेवा.

तुमच्या परवान्याचा हिशोबही इथेच येतो. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला मार्च २०२४पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. सक्तीचं प्राक्टिकुम त्यात धरत नाहीत, ऐच्छिक धरतात. छोट्या कंपन्यांना हे ठाऊक असेलच असं नाही. 'सक्तीचं प्राक्टिकुम, १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, वेगळा कामाचा परवाना लागत नाही' एवढं लिहिलंत की त्यांची अर्धी धास्ती जाते.

'आम्ही' सोडा, 'मी' लिहा

आपल्याकडे स्वतःची टिमकी वाजवू नये असं शिकवतात, म्हणून प्रोजेक्ट नेहमी 'आम्ही' केलेला असतो. नेमणूक मात्र एकाचीच व्हायची असते. मग हा संकोच भरून काढायला विशेषणं येतात : 'मी मेहनती आणि जिज्ञासू असून आपल्या नामांकित कंपनीत शिकू इच्छितो.' त्याऐवजी असं लिहून पाहा : 'चार जणांच्या गटात बॅटरीचं तापमान मोजण्याचं काम माझ्याकडे होतं. आठ सेन्सरच्या नोंदी आधी हाताने उतरवाव्या लागत. मी पायथॉनमध्ये ते काम आपोआप होईल असं केलं. तुमच्या जाहिरातीतलं चाचणी-विभागाचं काम याच जातीचं आहे.' यात फुशारकी कुठे आहे? झालेलं काम तेवढं सांगितलं आहे.

गुण आणि भाषा

इथे १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास, म्हणजे आपल्या उलट. नुसतं '८.५' लिहिलं तर वाचणारा चक्रावतो. '१० पैकी ८.५' असं लिहा आणि जर्मन श्रेणी जोडा. बव्हेरियन सूत्राने, पास व्हायला ४ लागतात असं धरलं, तर ती १.७५ येते. ही माहिती बायोडेटात शोभते. पत्रातली जागा कामाला द्या.

जाहिरात ज्या भाषेत, पत्र त्याच भाषेत. पण जर्मन बी-वन चालू असेल तर 'चालू आहे' असंच लिहा. मित्राने लिहून दिलेलं झुळझुळीत जर्मन पहिल्याच फोनवर उघडं पडतं.

साचा पाळा

- जाहिरातीत संपर्काचं नाव असेल तर 'झेर गेएर्टे फ्राउ' किंवा 'झेर गेएर्टर हेर' यापुढे आडनाव. डॉक्टर असल्यास तेही लिहा.
- जर्मन पत्रात संबोधनानंतर स्वल्पविराम येतो आणि पुढचं वाक्य लहान अक्षराने सुरू होतं. पहिलाच शब्द नाम किंवा आदरार्थी 'झी' असेल तरच मोठं.
- शेवटच्या 'मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन'नंतर स्वल्पविराम नसतो.
- नाव पासपोर्टवर आहे तसंच, सगळ्या कागदांवर एकसारखं.
- पत्र, बायोडेटा, गुणपत्रिका, विद्यापीठाचा प्रवेशदाखला हे सगळं एकाच पीडीएफमध्ये. फोटो लावायचाच तर बायोडेटावर. तो सक्तीचा नाही.
- मोठ्या कंपन्यांकडे ४ ते ६ महिने आधी अर्ज करा.
- जाहिरातीत फोन नंबर असेल तर जरूर करा. दोन नेमके प्रश्न विचारलेत तर कुणाला आगाऊपणा वाटत नाही, आणि पत्राला सुरुवातही मिळते : 'आज सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे…'

शेवटचं वाक्य

'मुलाखतीला बोलावलंत तर मला आनंद होईल' असा शेवट बहुतेक जण 'व्युर्डे' हे क्रियापद घालून करतात. व्याकरण बरोबर असतं, पण हा 'व्युर्डे' म्हणजे आपला जुना 'कृपाभिलाषी'च. तो काढून 'मुलाखतीची वाट पाहतो' या अर्थाचं सरळ वाक्य लिहा. तेवढ्याने शाळेतला आज्ञाधारक विद्यार्थी पत्रातून उठून जातो आणि सही कामाला आलेल्या माणसाची होते.