वेबपानावरून सूत्रे गायब का होतात?

लेटेकमध्ये गणिताची पुस्तके जुळवणाऱ्या आमच्या डीटीपी व्यावसायिक बांधवांना ही अडचण ओळखीची असेल. ग्राहकाला तेच पुस्तक वेबवर हवे असते. लेटेक-टू-एचटीएमएल प्रणालीने पाने केली, मजकूर नीट उतरला. पण सूत्रांच्या जागी रिकाम्या चौकटी!

ही प्रणाली अवघड सूत्रांची चित्रे बनवते. सूत्रे 'इमेजेस.टेक' या फाइलीत जमतात. लेटेक ती जुळवते, डीव्हीआयपीएस त्यांचे पोस्टस्क्रिप्ट करते आणि घोस्टस्क्रिप्ट व नेटपीबीएम त्यातून चित्रे काढतात. एक कडी तुटली की चित्र नाही. म्हणून आम्ही तपासणी याच क्रमाने सुचवतो.

१) 'इमेजेस.लॉग' उघडा. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ म्हणजे लेटेकची चूक. बहुधा एखादी स्वतः बनवलेली आज्ञा तिला सापडलेली नसते.

२) फोल्डरच्या पूर्ण मार्गात कुठे टिंब आहे का? त्याने डीव्हीआयपीएस अडू शकते. नाव बदला.

३) घोस्टस्क्रिप्ट व नेटपीबीएम संगणकावर आहेत का? ती मागाहून बसवली असतील, तर मूळ प्रणालीची जुळणी पुन्हा करा; नाहीतर तिला त्यांचा पत्ता लागत नाही.

४) चित्रे तुमच्या संगणकावर दिसतात, वेबवर नाहीत? मग चित्रांच्या फाइली सर्व्हरवर चढवायच्या राहिल्या असतील.

दुरुस्तीनंतर 'इमेजेस ओन्ली' हा पर्याय वापरावा. फक्त राहिलेली चित्रे तयार होतात.

काम सोपवण्यापूर्वी मूळ प्रत आणि वेबपान सूत्रागणिक ताडून पाहा. ग्राहकाचे हस्तलिखित आपल्याकडे अमानत असते. त्यातले एक सूत्र गळणे म्हणजे मापात खोट.