मोठ्या आतड्याचा व्रणशोथ : वेळेवर निदान, नियमित उपचार

शौचावाटे रक्त पडू लागले, की पुष्कळ लोक ‘उष्णता झाली असेल’ किंवा ‘मूळव्याध असेल’ असे म्हणून ते दुखणे अंगावर काढतात. संकोचामुळे घरातही त्याविषयी बोलत नाहीत. परंतु त्यामागे मोठ्या आतड्याचा व्रणशोथ, म्हणजेच अल्सरेटिव्ह कोलायटिस, हा दीर्घकालीन विकार असू शकतो.

रोगाचे स्वरूप

या विकारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती मोठ्या आतड्याच्या अस्तरावरच उलटते. गुदाशयापासून सूज सुरू होते, व्रण पडतात आणि रक्त व आव जाते. वारंवार शौचाची घाई, रात्री शौचासाठी उठावे लागणे, पोटात कळा, अशक्तपणा व वजन घटणे ही त्याची इतर लक्षणे होत. हा रोग संसर्गजन्य नाही. तो पाश्चात्त्य देशांपुरताच आहे असा समज पूर्वी होता. परंतु २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पंजाबमधील पाहणीत एक लाख लोकांमागे सुमारे ४४ रुग्ण आढळले.

निदान

जंतूंमुळे होणाऱ्या आमांशाची लक्षणे अशीच असतात. मात्र तो सहसा थोड्या दिवसांत बरा होतो. रक्त व आव काही आठवडे टिकल्यास पुनःपुन्हा आमांशाच्याच गोळ्या घेणे योग्य नव्हे. रक्त व शौचाच्या तपासणीनंतर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, करतात आणि अस्तराचा सूक्ष्म तुकडा तपासून निदान पक्के करतात. गाझियाबादच्या रुग्णाला दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था जवळ आहे. परंतु तेथवर जाण्याआधी त्याने आपले लक्षण मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

उपचार

सौम्य व मध्यम रोगात मेसालाझिन हे मुख्य औषध असते. रोग बळावल्यास स्टेरॉइड काही काळापुरते देतात. ते आपल्या मनाने घेऊ वा थांबवू नये. प्रतिकारशक्ती दडपणारी काही औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते. औषधांनी आराम न पडल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. दीर्घकाळ रोग असल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणी करतात.

जपानचे शिंझो आबे यांना किशोरवयापासून हा विकार होता. त्यामुळे २००७ साली त्यांनी पंतप्रधानपद सोडले. नव्या औषधाने रोग आटोक्यात आल्यावर २०१२ साली ते पुन्हा पंतप्रधान झाले. रोग उलटल्याने २०२० साली त्यांना ते पद पुन्हा सोडावे लागले. रोग समूळ जात नाही, तरीही उपचारांच्या बळावर माणूस वर्षानुवर्षे मोठी जबाबदारी पेलू शकतो, हे यातून दिसते. म्हणून बरे वाटू लागले तरी वैद्यकीय सल्ल्याशिवाय औषध सोडू नये.

पाठगत प्रश्न

१. आमांश व व्रणशोथ यांत फरक कसा ओळखाल?
२. बरे वाटल्यावरही औषध का चालू ठेवावे लागते?
३. संकोचामुळे रुग्णाचे कोणते नुकसान होते, ते आपल्या शब्दांत लिहा.