रोटर उतरवतानाच चुकलो होतो

तासगाव तालुक्यात माझी दीड एकर द्राक्षबाग आहे. दोन ओळींत आठ फुटांचं अंतर, त्यामुळे ट्रॅक्टर छोटा. पण त्याच्या मागे जोडायची अवजारं काही छोटी नाहीत, हे मला कमरेनं शिकवलं.

ऑक्टोबर छाटणी उरकली होती आणि परतीचा पाऊस ठाण मांडून बसला होता. डाऊनीच्या धास्तीनं ब्लोअर जोडायची घाई. त्या घाईत रोटर सोडला तो चिंचेखाली, ओल्या मातीत, जसा खाली आला तसा. पुढचे तीन आठवडे त्याच्याकडे बघितलंही नाही.

तण वाढलं तेव्हा रोटर आठवला. तोवर तो एका अंगाला कलला होता, पाती मातीत रुतली होती. डावी पिन बसली. उजव्या दांड्याचं भोक मात्र बोटभर वर राहिलं. ट्रॅक्टर दोनदा मागेपुढे घेतला, तिसऱ्यांदा कंटाळा आला. बायको म्हणाली, "कुणाला तरी हाक मारा." बोटभरासाठी काय हाक मारायची! वाकलो, चौकट दोन्ही हातांनी धरली आणि अंग तिरकं करून हिसका दिला. रोटर जागचा हलला नाही. मी मात्र ट्रॅक्टरचं चाक धरून पंधरा मिनिटं तसाच वाकलेला. मणक्यातली गादी सरकली होती. सहा आठवडे अंथरूण, आणि ऐन फवारणीत बाग दुसऱ्याच्या हाती.

पडल्या पडल्या हिशेब केला. माझ्या चार फुटी रोटरच्या पाटीवर 190 किलो लिहिलंय. युरियाचं पोतं 2018 पासून 45 किलोचं झालं, म्हणजे ही चार पोती झाली. शिवाय पोतं पाठीला चिकटून येतं. रोटरचं वजन अंगापासून हातभर लांब. वस्तू जितकी लांब, तितका कमरेवरचा ताण वाढतो. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेनं उचलण्याच्या वजनाचं जे सूत्र केलंय, त्यात सगळं अनुकूल असलं, वस्तू अंगाजवळ असली, तरी आकडा 23 किलोच्या वर जात नाही. ओल्या मातीत, अंग पिळून, एकट्यानं हिसका देणारा त्या सूत्रात कुठेच बसत नाही.

बरा होऊन पुन्हा रोटरपाशी गेलो तेव्हा पुतण्या सोबत होता. तो म्हणाला, "काका, ट्रॅक्टर हलवायचा की. रोटर कशाला हलवताय?" राग आला, कारण पोरगं बरोबर होतं. उजव्या दांड्यावरचा हँडल फिरवला की दांडा वर-खाली होतो, तो त्याचसाठी दिलेला असतो. माझा गंजून धरला होता. डिझेल आणि ग्रीस लावून दहा मिनिटांत मोकळा झाला. दहा मिनिटांचं काम, आणि मी सहा आठवडे मोजले.

तेव्हापासून क्रम ठरलाय. आधी डावी पिन, मग हँडल फिरवून उजवी, मग टॉपलिंक. तिच्या आट्यांवर लांबी कमीजास्त करता येते. शाफ्ट शेवटी, इंजिन बंद करून. सोडताना नेमकं उलट. भोक जुळलं का ते बोट घालून बघू नका, पिन घालून बघा. ट्रॅक्टर मागे येत असताना ट्रॅक्टर आणि अवजाराच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही, घरचं माणूस असलं तरी. ब्लोअरची टाकी आधी रिकामी करा; 400 लिटर पाणी म्हणजे 400 किलो.

तरीही कधी एखादी कड उचलावी लागतेच. तिथे पाच फुटी पहार घ्या. टेकू टोकापासून सहा इंचांवर ठेवला तर पुढे नऊ पट लांबी मिळते. रोटरच्या एका कडेचे 95 किलो हाताला दहा-अकरा किलोच लागतात. टेकू लाकडाचा हवा, दगडावरून पहार सटकते. दोन-तीन इंच उचललं की खाली ओंडका सरकवायचा, तोही दुसऱ्या काठीनं. हात खाली घालायचा नाही.

खरी सोय मात्र ट्रॉलीनं झाली. गावातल्या वेल्डरकडून दोन इंची अँगलची चौकट करून घेतली, चार फिरती चाकं लावली. प्रत्येक चाक शंभर किलो पेलणारं घेतलं, कारण जमीन जरा उंचसखल असली की भार तीनच चाकांवर येतो. रोटर आता थेट ट्रॉलीवरच उतरतो आणि जोडताना ट्रॉली बोटभर सरकवली की भोक जुळतं. अर्थात कोबा हवा, मातीत चाकं रुततात. काहीजण शेडच्या पाइपला चेन ब्लॉक टांगतात. तसं करायचं तर आधी वेल्डरला विचारा. पत्रा धरायला लावलेला पाइप 190 किलो धरेलच असं नाही.

ट्रॉलीला वेळ लागेल. तोवर दोन जाड ओंडके आजच शेडच्या कोरड्या कोपऱ्यात नेऊन ठेवा, आणि पुढच्या वेळी रोटर त्यांच्यावरच उतरवा.