मासळीचं पाकीट लगेच फेकू नका



गेल्या पावसाळ्यात कॅम्प ४ मधल्या एका ताईंच्या घरी रविवारी बांगड्याचं कालवण झालं. जेवून अर्धा तास झाला नाही तोच तिघांचे चेहरे लालबुंद झाले, अंगाला खाज सुटली, धाकट्याला उलट्या. शेजारी म्हणाले, अ‍ॅलर्जी असेल. एकाच वेळी तिघांना? आम्ही सोबत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, मासा कुठून आणला? ताईंनी तो दुकानातल्या फ्रीजरमधून, पाकीट फोडून सुटा दिलेला घेतला होता. दुकानदाराला गाठलं तर म्हणाला, "खोका कधीच फेकला." तिघे बरे झाले, पण तक्रार करायला हातात काहीच उरलं नाही.

बांगडा, सुरमई, कुपा हे मासे पकडल्यापासून सतत थंड ठेवले नाहीत तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून किंवा तळून जात नाही, वासावरूनही दरवेळी कळत नाही. खाल्ल्यावर असा त्रास झाला तर डॉक्टरांना गाठा. श्वास लागला तर क्षणभरही थांबू नका. मासा कुठून आणि कसा आला हे विचारण्यात म्हणूनच कसले नखरे नाहीत.

जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तरी बाजारात मासळी मिळतेच. त्यातली पुष्कळशी बाहेरच्या राज्यांतली, तळ्यातली नाहीतर शीतगृहातली. 'बासा' म्हणून मिळणारा बिनकाट्याचा मासा व्हिएतनामहून येतो, आणि त्याच जातीचा मासा आंध्रातही पाळतात. परदेशी म्हणजे वाईट असं अजिबात नाही. पण दोन्हींतला फरक तुकडा बघून सांगता येणार नाही, तो पाकिटावरच वाचावा लागतो.

बंद पाकिटाबाबत कायदा स्पष्ट आहे. वैधमापनशास्त्राचे २०११ चे नियम आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे लेबलचे नियम सांगतात, की आयात मालावर मूळ देशाचं नाव आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता हवाच. बहुधा इंग्रजीत 'कंट्री ऑफ ओरिजिन' असं छापलेलं असतं. शाळेत जाणाऱ्या मुलांकडून वाचून घ्या. इथे एक गफलत होते. खाली मुंबईचा पत्ता दिसला की आपण मासा मुंबईचा समजतो, पण तो पत्ता आयात करणाऱ्याचा असू शकतो. शिवाय माशावर दुसऱ्या देशात प्रक्रिया होऊन त्याचं मूळ रूपच बदललं, तर तो दुसरा देश मूळ देश म्हणून छापला जातो. सोबत तारीख आणि १४ आकडी परवाना क्रमांकही बघा.

टोपलीतल्या सुट्या मासळीवर, सुकटीवर असं काहीच लिहिलेलं नसतं. तिथे तोंडानेच विचारायचं: कुठली, कधी उतरली, बर्फात होती का? आपल्या उल्हासनगरातल्या सिंधी काकू पल्ला घेताना हे विचारल्याशिवाय पिशवी उघडत नाहीत. कोळीणही चिडत नाही, उलट खरं सांगते.

२०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा संशय आला आणि गोवा सरकारने परराज्यांतून मासळी आणायला काही काळ बंदी घातली. माल कुठून आला हे माहीत होतं, म्हणूनच ती वाट अडवता आली.

पाकीट फोडून सुटा मासा देत असतील तर आधी पाकीट दाखवायला सांगा, लेबलचा मोबाइलवर फोटो काढा, बिल मागा. लेबल खरवडलेलं असेल तर घेऊ नका. अन्नाबद्दलच्या तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा क्रमांक १८००-२२२-३६५, ग्राहक हेल्पलाइन १९१५. उरलेला मासा फ्रीजरमध्ये वेगळा ठेवा, तपासणीला तोच लागतो.

त्या ताईंच्या ओट्याजवळ आता एक खिळा आहे. धुतलेलं पाकीट त्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत लटकत असतं.